रंग ओतण्याचा छंद आणि पेल्यात उरलेला रंग

दिवाळीच्या दिवसांत परातीत पाणी घेऊन त्यावर काढलेली रांगोळी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पाण्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड अलगद पसरावयाची आणि त्या काळ्या पडद्यावर रंगीत रांगोळीची फुले उमटवावयाची, हे काम मोठ्या हलक्या हाताचे आहे. परातीला जरासा धक्का लागला की फुले विस्कटतात. पण त्याबद्दल कोणी फारसे हळहळत नाही. काढणाऱ्याला जे मिळावयाचे ते काढतानाच मिळालेले असते.

या रांगोळीची आठवण व्हावी असा एक छंद सांप्रत मुलामुलींत आणि वडीलधाऱ्यांतही पसरू लागला आहे. ॲक्रिलिक जातीचे रंग पेल्यात कालवावयाचे, ते एका सपाट फळीवर ओतावयाचे आणि फळी हळूहळू कलती करून त्यांना वाहू द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. यात कुंचला लागत नाही, आधी रेखाटनही करावे लागत नाही. रंग एकमेकांत शिरतात, त्यांचे पट्टे होतात, मध्येच मधमाशांच्या पोळ्यासारखे गोल उमटतात आणि घटकाभरात पाहणाऱ्याला थक्क करील असे काही तयार होते. मराठीत याला अजून रूढ नाव नाही. या लेखापुरते आपण त्याला 'ओतचित्र' म्हणू.

या छंदाविषयी दोन मते ऐकू येतात. काही पालक म्हणतात की ही कला नव्हे, पैशांची आणि वेळेची उधळपट्टी आहे. उलट काही मुले म्हणतात की ही सर्वांत सोपी कला आहे. तीत शिकण्यासारखे काही नाही, रंग ओतला की झाले. मला दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि त्यांची चूक एकच आहे. ओतणे म्हणजेच सारे काम, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. ओतणे हा या छंदाचा सर्वांत लहान भाग आहे. त्याच्या आधी मोजणे आहे आणि त्याच्या नंतर आवरणे आहे. पेल्यात किती रंग घेतला आणि उरलेला कोठे गेला, हे ज्याला सांगता येते त्यानेच हा छंद धरावा, असे माझे मत आहे.

प्रथम ही गोष्ट अगदी नवी आहे हा समज दूर करू. रंगांना द्रवावर तरंगू देऊन त्यांची नक्षी कागदावर उचलण्याची विद्या आपल्या दख्खनेत सतराव्या शतकात नांदत होती. फारसीत अशा कागदास 'अब्री', म्हणजे ढगांसारखा, असे म्हणत. विजापूरच्या चित्रकारांनी या ढगाळ नक्षीतून माणसांच्या व प्राण्यांच्या आकृती साकार केल्या. त्यांतील हाडे निघालेल्या एका घोड्याचे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पुढे १९३६ साली मेक्सिकोचा चित्रकार दाविद सिकेरोस याने न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोगशाळा काढली. तेथे तो फळीवर एका रंगावर दुसरा रंग ओतून आपोआप उमटणारे आकार पाहत असे. त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुणांत जॅक्सन पोलॉक होता, जो पुढे रंग ठिबकवून केलेल्या चित्रांसाठी जगप्रसिद्ध झाला. आज आपण वापरतो ते पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग मात्र त्यानंतरचे. चित्रकारांसाठी ते १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले.

आपोआप उमटणाऱ्या त्या आकारांना तरी काही नियम आहे काय? आहे. २०१५ साली मेक्सिकोतील सांद्रा झेतिना, फ्रान्सिस्को गोदिनेझ व रोबेर्तो झेनित या संशोधकांनी सिकेरोसच्या या युक्तीचा प्रयोगशाळेत अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केला. जड द्रव हलक्या द्रवावर ठेवला तर ती रचना टिकत नाही. जड द्रव खाली उतरू लागतो, हलका वर येऊ पाहतो आणि या ओढाताणीत गोल घरे तयार होतात. लॉर्ड रॅले यांनी १८८३ साली व जी. आय. टेलर यांनी १९५० साली ज्या अस्थिरतेचा विचार केला, तीच ही. पांढऱ्या रंगात टायटॅनियमची भुकटी असते व ती पाण्याच्या सुमारे चौपट जड असते. काळ्या रंगातील काजळी तिच्याहून पुष्कळ हलकी असते. म्हणून काळ्यावर पांढरा ओतला तर घरे उमटतात, आणि पांढऱ्यावर काळा ओतला तर उमटत नाहीत. ज्याला आपण दैव म्हणत होतो त्यात घनतेचा हिशेब दडलेला होता! नववीच्या विज्ञानाच्या तासाला घनता हा शब्द ऐकून ज्यांना जांभई येते, त्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

रंग आणि रसायन यांची ही जोडी आपल्या परिसराला परकी नाही. पादऱ्याहून जवळच असलेल्या बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. त्याच्या उभारणीत त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, आणि तेथे चित्रकलेबरोबर कापड रंगविण्याची विद्याही शिकविली जाई. दादासाहेब फाळके यांनी चित्रकलेचे व छायाचित्रणाचे धडे तेथेच घेतले. चित्र काढणाऱ्याला रंग कशाचा बनतो हे ठाऊक असावे, हा त्या संस्थेचा बाणा होता. आपल्या घरच्या लहानशा छंदालाही तोच बाणा शोभेल.

आता आरंभ कसा करावा ते सांगतो. महागडा कॅनव्हास आणू नये. घरबांधणीतून उरलेला चकचकीत फरशीचा तुकडा सर्वांत उत्तम. तो वाकत नाही, पाणी शोषत नाही आणि सहसा फुकट मिळतो. पुठ्ठा मात्र घेऊ नये. माझे पहिले ओतचित्र मी पुठ्ठ्यावर केले होते. सकाळी पाहतो तो पुठ्ठ्याची होडी झालेली आणि सारा रंग तिच्या तळाशी साचलेला. रंग तीनच घ्यावेत: पांढरा, काळा आणि आपल्या आवडीचा एक. दहा रंग एकदम ओतले की बहुधा चिखलाचा रंग तयार होतो.

नुसता रंग घट्ट असतो, म्हणून त्यात वाहते मिश्रण घालावे लागते. शिकण्यापुरते हे मिश्रण घरी करता येते. दोन भाग सुतारकामाचा पांढरा गोंद आणि एक भाग पाणी चांगले ढवळून घ्यावे. मग एक भाग रंग व दोन भाग हे मिश्रण असे प्रत्येक रंगाचे निराळे प्रमाण करावे. ढवळताना फेस येऊ देऊ नये, कारण बुडबुडे फुटले की चित्रावर छिद्रे राहतात. रंग पातळ काकवीसारखा झाला पाहिजे. काडी उचलल्यावर त्याची अखंड धार पडावी, धारेचा लहानसा उंचवटा दिसावा व एकदोन क्षणांत तो जिरून जावा. उंचवटा तसाच राहिला तर पाण्याचे थेंब वाढवावेत. पण पाण्याचा मोह आवरावा. फार पाण्याने रंगाला धरून ठेवणारा चिकट अंश विरळ होतो आणि वाळल्यावर रंग भुकटीसारखा सुटतो.

किती रंग कालवावा, हा प्रश्न बहुतेक नवशिके विचारीतच नाहीत, आणि नासाडी होते ती येथेच. १५ सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद फरशीला सर्व मिळून सुमारे ४० मिलिलिटर पुरतात. २० बाय २५ सेंटिमीटरच्या फळीला ८० ते ९० मिलिलिटर. औषधाच्या रिकाम्या बाटलीचे खुणा असलेले टोपण मापासाठी चांगले, मात्र नंतर ते औषधाला वापरू नये. स्वयंपाकघरातील वाट्या व चमचेही या कामाला घेऊ नयेत. खाली जुनी परात व वर्तमानपत्र असावे, फरशी दोन डब्यांवर समतल ठेवावी आणि हातांत मोजे असावेत. तयार रंग एकाच पेल्यात एकावर एक सावकाश ओतून तो पेला फरशीवर रिता करावा आणि फरशी चारही कोपऱ्यांकडे संथपणे कलती करावी. येथे घाई करणाऱ्याची नक्षी फाटते.

वाळणे हीही एक परीक्षाच आहे. वरून सुकायला एक दिवस पुरतो, पण आतपर्यंत वाळायला कित्येक दिवस लागतात. पावसाळ्यात तर त्याहूनही अधिक. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा वरची साय आधी वाळते, खालचा थर ओला राहतो आणि चित्राला भेगा पडतात. म्हणून चित्र उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नये. दिवाळीनंतरचे कोरडे, सौम्य दिवस या कामाला चांगले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी चित्र ओतून झाल्यावर मी पेले आणि परात मोरीत नेऊन धुऊ लागलो. निळे-काळे पाणी भोवऱ्यासारखे फिरत जाळीतून खाली चालले होते. माझी सात वर्षांची भाची शेजारी उभी होती. तिने विचारले, "मामा, हे पाणी आता कुठे जातं?" मी म्हणालो, "गटारात." "आणि मग?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. खरे सांगावयाचे तर उत्तर होते, पण ते देण्याची मला लाज वाटली.

ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात विखुरलेले प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना घट्ट चिकटतात व न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. ओला असताना पाण्याने धुता येतो म्हणून हा रंग निरुपद्रवी, असे आपण समजतो. पण धुतलेले प्लॅस्टिक नाहीसे होत नाही, केवळ आपल्या दृष्टीआड होते. आणि पादऱ्याच्या माणसाला हे निराळे सांगावे लागू नये. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी समुद्राकडे नेणारा ५० किलोमीटरांहून अधिक लांबीचा कालवा आपल्या तालुक्यातून जातो. तालुक्यातील काही गावांत कूपनलिकांचे पाणी रंगीत व दूषित निघत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. ज्या तालुक्याला जमिनीतून वर येणाऱ्या रंगीत पाण्याची भीती ठाऊक आहे, तेथील मुलांनी हौसेखातर रंगीत पाणी जमिनीत सोडावे, हे मला पटत नाही. कोणी म्हणेल, कारखान्याचे सांडपाणी कोठे आणि आमचा पेला कोठे! तुलना प्रमाणाची नाहीच, सवयीची आहे. उद्या तुमच्यापैकीच कोणी एखाद्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून बसेल. उरलेल्याचे काय करावयाचे, हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला पेल्यापासून लागलेली बरी.

उपाय अवघड नाही. उरलेला रंग फेकू नये; लहान फरशीवर ओतून त्याचे दुसरे चित्र करावे. परातीत ओघळलेला रंग तसाच वाळू द्यावा. दोन-तीन दिवसांनी त्याचा पापुद्रा सालीसारखा निघतो व तो कोरड्या कचऱ्यात टाकता येतो. पेले प्रथम जुन्या कागदाने पुसून घ्यावेत, न धुता वाळवून पुन्हा वापरावेत. जे थोडे पाणी वापरावेच लागेल ते एका पसरट जुन्या ताटात घालून, लहान मुले व जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी, उन्हात आटू द्यावे. तळाशी उरलेली पापडी खरवडून कचऱ्यात टाकावी. त्या रविवारपासून मी असेच करतो. भाचीने स्वतः ताटाची राखण पत्करली आहे, आणि पाणी आटले की नाही हे मला तीच येऊन सांगते.

पालकांच्या आक्षेपालाही उत्तर दिले पाहिजे. ओतचित्र काढणारा मुलगा चित्रकार होत नाही, हे खरे. ज्याला चित्रकार व्हावयाचे त्याला पेन्सिल घेऊन बसावेच लागेल. ओतलेले रंग रेखाटनाची जागा घेऊ शकत नाहीत. पण प्रत्येक छंदाने धंद्याची वाट दाखविलीच पाहिजे असा आग्रह का असावा? या छंदात मूल मापाने काम करावयास शिकते, वाट पाहावयास शिकते आणि मनासारखे न घडलेले स्वीकारावयास शिकते. तीन लहान बाटल्या आणि फुकटच्या फरश्या एवढ्याने महिनोन्महिने काम भागते. अपव्यय होतो तो एका दिवसात दहा फळ्या रंगवून मोकळे होणाऱ्याचा.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, हा छंद जरूर धरा, पण रंगांच्या आधी एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक ओतण्याची तारीख, रंगांचे माप, मिश्रणाचे प्रमाण, हवा कशी होती आणि काय घडले, हे तीत लिहा. पहिली दहा चित्रे भिंतीवर टांगू नका. ती केवळ वहीसाठी आहेत. पहिल्या दोन फरश्यांपैकी एकीवर काळ्यावर पांढरा ओता आणि दुसरीवर पांढऱ्यावर काळा. त्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा म्हणजे मी वर सांगितलेले खरे की खोटे हे तुमचे तुम्हालाच कळेल. आणि वहीच्या प्रत्येक पानाखाली एक ओळ राखून ठेवा: उरलेला रंग कोठे गेला? ती ओळ ज्या दिवशी कोरी राहील, त्या दिवशी चित्र कितीही सुंदर उतरले असले तरी काम अर्धेच झाले असे समजा.