ढग फुटला म्हणे!

वीसेक मिनिटं जोराची सर आली, चौकात गुडघाभर पाणी तुंबलं, एखादी दुचाकी वाहत गेली, की तासाभरात ती चित्रफीत गावभर फिरते. खाली एकच शब्द: ढगफुटी! पूर्वी हा शब्द हिमालयातल्या बातम्यांत भेटायचा. आता गटार तुंबलं तरी वर ढगच फुटलेला असतो.

शब्द चित्रमय आहे, मान्य. पाण्याची पखाल वर टांगलेली आणि कुणी तरी तिला सुरी लावली, असं काहीसं डोळ्यांपुढे येतं. ढग मात्र पखालीसारखा नसतो. वर चढणारी दमट हवा थेंबांना तोलून धरते. तो आधार सुटला की साठलेलं पाणी थोडक्या जागेवर एकदम उतरतं. हवामान खात्याच्या लेखी, वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. सह्याद्रीतला पाऊस बहुतेक वेळा असा येत नाही. अरबी समुद्रावरचे वारे घाटाला धडकतात, वर चढतात आणि दिवसच्या दिवस ओतत राहतात. महसूल खातं दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी म्हणतं. गगनबावड्यात जुलैमध्ये एवढ्याच पावसाला लोक ‘आज जरा उघडीप हाय’ म्हणतील.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अंगावर काटा आणणारा आकडा आहे. पण चोवीसनं भागून पाहा, तासाला सरासरी पंचवीसच्या आसपास पडतात. मधल्या एखाद्या तासात जास्तही झाला असेल. तरी नद्या फुगल्या त्या त्या एका तासानं नव्हे, न थांबलेल्या चोवीस तासांनी.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: ‘अहो, बुडणाऱ्याला व्याख्येचं काय? तासात १०० पडला काय नि दिवसात ६०० पडला काय, घर गेलं ते गेलंच.’ आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. ढगफुटी नेमकी कुठल्या डोंगरावर होणार, हे एक-दोन दिवस आधी सांगता येत नाही. म्हणून तिचा जाब कुणाला विचारता येत नाही. कित्येक दिवसांच्या संततधारेनं येणारा पूर आधी दिसतो, मोजता येतो, त्याच्या पुढं पळता येतं. दुसऱ्याला पहिल्याचं नाव दिलं की अभियंता, नगररचनाकार, बांधकाम करणारा, परवानगी देणारा आणि घर घेणारा, सगळे एका झटक्यात निर्दोष सुटतात. आरोपी एकटा ढग, आणि तो फरार.

मुंबईचा २६ जुलै २००५ मला लगेच ऐकवला जाईल. बरोबर आहे, त्या दुपारी सांताक्रूझला काही तास खरोखर ढगफुटीच्या जोराचा पाऊस होता; चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर झाला. त्याच काळात कुलाब्याला मात्र ७३. ढगाचा वाटा तिथं मोठा होताच. पण मिठी नदीला दोन्ही बाजूंनी आवळत कुणी आणलं होतं, हे ढगाला विचारून कसं कळणार?

पुराला ढगाइतकाच जवळचा दुसरा आरोपी अलमट्टी धरण. कृष्णाकाठी तर पाणी चढायला लागलं की पहिली शिवी कर्नाटकाला जाते. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नाही. सांगलीकरांना ते पटलेलं नाही, आणि धरणाची उंची वाढवण्याचा वाद वेगळा आहेच, तो लढायलाही हवा. पण अलमट्टी सोडली तरी नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते तिथला पेच उरतोच. कृष्णा भरून चालली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगवटा धरतं. कोल्हापूरच्या खालची जमीन सपाट, उतार नाही. पाणी पसरतं आणि बसून राहतं.

म्हणूनच हा पूर फसवतो. शहरात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते, कारण पाऊस राधानगरीला नि गगनबावड्याला झालेला असतो. माझ्या एका नातलगांनी अशाच उन्हात अंगणाच्या पायरीवर खडूनं रेघ मारली होती. ‘ऊन पडलंय की, आता काय चढतंय?’ दुपारी रेघ बुडाली. त्यांनी वरच्या पायरीवर दुसरी मारली. संध्याकाळी तीही गेली, तेव्हा फ्रिज माळ्यावर चढवायला माणसं शोधायची वेळ आली. घाटात पाच-सहा दिवस पाऊस कोसळत होता, रेडिओ ओरडत होता. तरी पुढं वर्षभर ते येईल त्याला सांगायचे, ‘ढगफुटी झाली हो, कोण काय करणार?’

काय करता आलं असतं, ते पूररेषेच्या नकाशावर आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. इथंही भाषा घात करते. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हटलं की माणूस समजतो, परवाच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं घोर नाही. खरा अर्थ असा की दर वर्षी चार टक्के शक्यता, मागच्या वर्षी पूर आला असो वा नसो. निळ्या रेषेवरच्या घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ते फिटायच्या आत पाणी एकदा तरी उंबऱ्याला लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, साधारण छप्पन्न टक्के. एवढी जोखीम पत्त्यांच्या डावातही कुणी घेत नाही. आणि या रेषा जुन्या पुरांच्या नोंदींवरून काढलेल्या. २०१९ ला पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर साडेपंचावन्न फुटांच्या आसपास गेली, २०२१ ला छप्पन्नच्या वर. दोन्हींत अंतर दोन वर्षांचं.

हे ज्ञान कोल्हापुरात नाही असं कुणी म्हणू नये. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे पोरासोरांना पाठ असतात. नृसिंहवाडीला तर पाणी दत्ताच्या देवळात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, लोक स्नानाला गर्दी करतात. नदी चढणार हे गृहीत धरूनच ही रीत पडली. ढग फुटण्याची वाट तिथं कुणी पाहत नाही.

जयंती नाल्याजवळच्या सुतारवाड्यात पाणी शहरात सगळ्यांत आधी शिरतं. तिथली कुटुंबं पावसाळ्यात फुटाचा आकडा विचारत असतात, आणि तो ठरावीक ठिकाणी आला की गॅसची टाकी, पोरांची दप्तरं, कागदपत्रांची पिशवी उचलून चित्रदुर्ग मठात मुक्कामाला जातात. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, नदीकाठच्या भराव घातलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या एखाद्या नव्या इमारतीत, तळमजल्याच्या वाहनतळात चारचाकी पुसून झाकून ठेवलेली असते.