गटावर टाकले म्हणजे शिकवले नव्हे

शिक्षणाच्या दारात एखादे नवे साधन येऊन उभे राहिले की आपल्या समाजात तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष त्याच्या स्वागतार्थ तोरणे बांधू लागतो, दुसरा बालकांच्या अधःपाताची चिंता वाहू लागतो, आणि या दोहोंच्या कोलाहलात ते साधन वर्गात प्रत्यक्ष काय करते याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आकाशवाणीच्या शालेय कार्यक्रमांचे असेच झाले, दूरचित्रवाणीचे झाले, आणि आज समाजमाध्यमांच्या बाबतीतही तेच चालले आहे.

शालेय दूरचित्रवाणीची आठवण येथे मुद्दाम काढली. पुण्यात १९८४ साली स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ ही संस्था शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार करीत असे. २०१७ साली ती बंद करण्यात आली, आणि पुढे तीन वर्षांच्या आत करोनाची साथ येऊन राज्यातील एकूण एक शाळांना टाळे लागले. स्वतःचे घर मोडून बसलेल्या शिक्षणखात्याला मग परक्याच्या ओसरीवर पथारी पसरावी लागली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून पाठवण्यास आरंभ केला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, धडे यूट्यूबवर चढले. त्या अडचणीच्या दिवसांत हे केले ते योग्यच केले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र साथ ओसरली, शाळा उघडल्या आणि आणीबाणीतली ती तजवीज कायमचा शिरस्ता होऊन बसली.

आज खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेपासून शहरातल्या भपकेबाज विद्यालयापर्यंत प्रत्येक इयत्तेचा एक व्हॉट्सॲप गट असतोच. त्या गटावर दिवसभरात काय काय येते हे एकदा शांतपणे पाहावे. सकाळी सुविचार आणि गुलाबाची फुले. मग उद्या गणवेश कोणता घालायचा याची सूचना. त्यामागून शुल्काचा तगादा. आणि सायंकाळी केव्हातरी, ‘पालकांनी मुलांकडून हे करून घ्यावे’ एवढ्या एका ओळीसह एखाद्या चित्रफितीचा दुवा किंवा बारा पानांची पीडीएफ. तिच्याखाली पंचवीस-तीस अंगठे उमटतात. अंगठा उमटला म्हणजे धडा पोचला, धडा पोचला म्हणजे शिकवून झाला, असा हिशेब शिक्षक, पालक आणि अधिकारी हे तिघेही मनातल्या मनात मांडतात. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मूल त्या वेळी बहुधा त्याच फोनवर दुसरेच काही पाहत असते. या व्यवहाराला टपालाचा बटवडा म्हणता येईल, अध्यापन म्हणता येणार नाही. स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांनी टेलिग्रामच्या वाहिन्यांवरून उतरवून घेतलेली आणि कधीही न उघडलेली टिपणे हा याच प्रकाराचा थोरला अवतार होय.

सरकारी शाळांत याला आणखी एक उपद्रव चिकटला आहे. वृक्षारोपण झाले, छायाचित्र पाठवा. पोषण आहार वाढला, छायाचित्र पाठवा. अमुक दिन साजरा झाला, दुपारी दोनच्या आत छायाचित्र पाठवा. केंद्रप्रमुख ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे धाडतात, तेथून ते जिल्ह्याच्या दफ्तरी जाते, आणि पुरावा सादर करण्याच्या या धांदलीत गुरुजींच्या तासिकेचा किती अंश खर्ची पडला याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. गंमत अशी की, शिक्षक वर्गात मोबाइल घेऊन बसतात ही तक्रारही त्याच दफ्तरातून होते.

याच साधनाचा एक निराळा उपयोग मात्र काही शिक्षिका निमूटपणे करीत आल्या आहेत, आणि त्याची वाच्यता व्हावी तेवढी होत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, प्रत्येकाने उभे राहून वाचायचे म्हटले तर एकेकाच्या वाट्याला पुरते एक मिनिटही येत नाही. त्यातही जे मूल अडखळते, ज्याच्या घरी पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलली जाते आणि पुस्तकातली मराठी ज्याला अद्याप परकीच आहे, ते मागच्या बाकावरच्या हशाच्या धास्तीने आवाज इतका खाली आणते की बाईंना केवळ त्याचे ओठ हलताना दिसतात. तेच मूल रात्री आईच्या फोनवर धड्यातला एक परिच्छेद वाचते आणि तो व्हॉइस मेसेज एकट्या बाईंना पाठवते, तेव्हा मागे भांडी घासल्याचा आवाज असतो, मध्येच धाकटे भावंड रडते; परंतु ‘स्वातंत्र्य’ या शब्दापाशी ते थबकले, ‘स्वातं’ म्हणून श्वास घेतला, शेवटचे जोडाक्षर दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा साधले, हे बाईंना स्वच्छ ऐकू येते. वर्गात हे कधी ऐकू आले नसते. त्या तो संदेश पुन्हा एकदा ऐकतात आणि तोच शब्द स्वतःच्या आवाजात सावकाश उच्चारून परत पाठवतात. यात तंत्रज्ञानाचा चमत्कार काडीचाही नाही. एका मुलाने काही केले आणि एका जाणत्या माणसाने ते लक्षपूर्वक ऐकून उत्तर दिले, एवढेच घडले. पण शिक्षण याहून निराळे काय असते?

वहीच्या पानाचेही असेच आहे. मुलाने पाठवलेले, तिरपे काढलेले, कोपऱ्यात अंगठा आलेले ते छायाचित्र बाई मोठे करून पाहतात, वजाबाकीत दशकाकडून उसना घेतला पण दशक कमी करायचे राहिले हे त्यांना दिसते, आणि त्या नेमक्या जागी बोटाने लाल वर्तुळ काढतात. उत्तराची चूक सांगणारी यंत्रे बाजारात पुष्कळ आहेत. चूक कोठे उपजली हे दाखवायला मुलाची वही पाहावी लागते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचाच गाजावाजा अधिक केला. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलांना एकमेकांशी बोलते करण्याचा त्यांचा उपक्रम मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण त्यात पलीकडे ऐकणारे आणि प्रत्युत्तर देणारे कोणी होते. कोडच्या मागे ठेवलेली चित्रफीत कितीही सुरेख असली तरी ती ऐकत नाही.

आता दुसरी बाजू. ‘असर’ या शैक्षणिक स्थितीविषयीच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारले गेले, तेव्हा आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी. ज्यांना तो वापरता येतो त्यांतील ३६.२ टक्के मुलग्यांकडे तो स्वतःच्या मालकीचा होता. मुलींच्या बाबतीत हेच प्रमाण २६.९ टक्के. म्हणजे घरात एकच फोन असेल तर तो आधी वडिलांबरोबर कामावर जातो, मग भावाच्या हाती येतो आणि उरला वेळ बहिणीचा. गटावर रात्री नऊला टाकलेला अभ्यास कोणापर्यंत पोचत नाही, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. शिवाय ही माध्यमे खासगी कंपन्यांची आहेत, आणि माणसाने अधिकाधिक काळ पडद्याला खिळून राहावे यातच त्यांचा नफा आहे. व्हॉट्सॲपच्या अटींनुसार तेरा वर्षांखालील मुलांना स्वतःहून खाते उघडता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. असे असता दुसरीतल्या मुलीचे नाचतानाचे चित्रण शाळेच्या फेसबुक पानावर बेधडक झळकते, आणि त्याला हरकत घेणारा पालक हेकट ठरतो. मुलाचे अडखळते वाचनही गटावर टाकू नये. ते त्याचे आणि त्याच्या बाईंचे आहे.

समाजमाध्यमे शाळेतून हद्दपार करा, असे माझे म्हणणे नाही. ज्या उपयोगात मूल काही वाचते, लिहिते, मांडते आणि त्याला उत्तर मिळते, तो ठेवावा; बाकीचा पसारा आवरावा. पण उत्तर देण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ आज शिक्षिका रात्री, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने भरलेल्या रिचार्जवर काढीत आहे. शिक्षणखात्यास या साधनाचे खरोखर अगत्य असेल तर त्याने शाळेच्या नावाचा फोन आणि त्याचा खर्च मंजूर करावा, हे उत्तर देण्याचे काम नियमित कार्यभारात धरावे, आणि छायाचित्रांचा तगादा एका परिपत्रकाने बंद करावा. या तिसऱ्या गोष्टीला तर एक पैसाही खर्च नाही. ती नवे शैक्षणिक वर्ष उजाडण्यापूर्वी व्हावी.