कोला नव्हे, फेरिक क्लोराइड!

अर्ध्या मिलिमीटरवर एकेक पाय असलेली चिप बसेल, इतका नाजूक सर्किट बोर्ड आता घरीही बनवता येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे नाशिक अशा हौसेला पोषकच. धोका आहे तो नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडचा. शीतपेयाच्या बाटलीत भरलेले हे तपकिरी द्रावण लहान मुलाला कोलाच वाटते. ते पोटात गेल्यास उलटी करवू नये. बाटलीसह तडक रुग्णालय गाठावे. डोळ्यात उडाल्यास किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. वापरलेल्या द्रावणातले तांबे माशांना घातक. ते मोरीत ओतून गोदावरीकडे धाडू नये. मुलांची हौस मोडण्यापेक्षा पालकांनी त्यांना चष्मा, हातमोजे आणि कुलूप लागणारे कपाट द्यावे.