केसपेपरवरचं नाव

"मामी, दोन महिने तुझ्याकडे राहायला येऊ का? माझी इंटर्नशिप सोलापुरात लागलीये," असा माझ्या नणंदेच्या मुलीचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मला आनंदच झाला. ती समाजकार्याचं शिक्षण घेतेय आणि मी बचत गटांचं काम करते. म्हटलं, जमेल आमचं! पण काम कसलं हे विचारल्यावर ती म्हणाली, "एलजीबीटीआय व्यक्तींना समाजात सामावून घेणं आणि त्यांचे आरोग्याचे हक्क." ठिकाण चिंचोळी एमआयडीसी.

"चिंचोळीत? तिथे कुठे आलीयेत असली माणसं?" मी पटकन बोलून गेले. आज तो प्रश्न आठवला की माझी मलाच लाज वाटते.

मैत्रिणींनो, शब्द अवघड आहे, अर्थ तेवढा नाही. समलिंगी स्त्रिया आणि पुरुष, स्त्री-पुरुष दोघांबद्दलही आकर्षण वाटणाऱ्या व्यक्ती, जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आपलं नाही असं मनापासून जाणवणारी माणसं, आणि जन्मतःच ज्यांच्या शरीराची ठेवण बाई किंवा पुरुष या ठरलेल्या साच्यात बसत नाही अशी माणसं. या सगळ्यांसाठी मिळून हा एक शब्द. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रमही आशियातल्या देशांत या विषयावर काम करत आला आहे.

आपल्या भागाला हे अगदीच परकं नाही. यल्लम्माची परडी घेऊन दारात येणाऱ्या जोगत्याला आपण पीठमीठ घालतो, नमस्कार करतो. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. पण याच माणसांना ताप आला, तर ती कुठे जातात? हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता.

भाची एकटी कशी जाणार, म्हणून मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. पुण्याच्या रस्त्याला बाळे, केगाव मागे टाकून पुढे गेलं की चिंचोळीचे कारखाने लागतात. मालट्रकची वर्दळ, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी, आणि आजूबाजूला भाड्याच्या खोल्या. एकेका खोलीत चार-पाच पोरं. गाव, आईबाप दूर. देशाच्या एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालक, स्थलांतरित कामगार, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगळं काम केलं जातं, ते का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. आजार माणूस कोण आहे यावरून होत नाही. माहिती नसणं, सुरक्षित साधनं न वापरणं आणि लाजेपायी तपासणी टाळणं, यामुळे तो पसरतो.

तिथे भेटलेल्या दोघांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक जण महिनाभर खोकत होती. होय, 'होती'च म्हणते, कारण ती स्वतःला बाई मानते. आधार कार्डावर मात्र पुरुषाचं नाव. "दवाखान्यात का जात नाहीस?" मी विचारलं. म्हणाली, "ताई, गेले होते. केसपेपरच्या खिडकीतून त्यांनी ते नाव मोठ्यांदा पुकारलं. मी उठले, तर सगळा हॉल हसला. केसपेपर तिथेच ठेवून आले."

दुसरा, पॅकिंगमध्ये काम करणारा पंचविशीचा मुलगा. घरी त्याचं लग्न ठरवत होते. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी त्याने भाचीला विचारलं, "ताई, यावर काही औषध असतं का?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्राने केव्हाच दिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. आजारच नाही, तर औषध कसलं? तरीही 'मुलाला सुधारून देतो' म्हणत पैसे उकळणारे आहेतच. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर २०२१ साली घरच्यांच्या विरोधामुळे पळून आलेल्या दोन मुलींचं प्रकरण आलं. आपल्याला या विषयातलं कळत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं, स्वतः समुपदेशकाकडे बसून विषय समजून घेतला आणि मग असले 'उपचार' बंद करायला सांगितले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असे उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. न्यायमूर्तींना शिकायला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

कायदाही बदलत गेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या वेगळ्या ओळखीला मान्यता दिली. २०१८ साली कलम ३७७ खालून दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले. २०१९ साली तृतीयपंथीयांसाठी कायदा झाला. त्यात आरोग्यसेवा आणि नोकरीत भेदभाव नको, आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी हवा, अशा तरतुदी आल्या. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, नोकरी देण्यासाठी तपासणीची अट घालता येत नाही आणि कुणाचा अहवाल चारचौघांत फोडता येत नाही. २०२३ साली समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

म्हणजे लग्न सोडलं, तर कागदावर पुष्कळ काही आहे. सरकारी तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन फुकट आहे, औषधं फुकट आहेत. मग अडतं कुठे? माझ्या मते त्या केसपेपरच्या खिडकीपाशी अडतं. तिथे हसणारी माणसं कायद्याने नेमलेली नसतात. त्या हॉलमध्ये आपणच बसलेल्या असतो.

आणि याची किंमत फक्त 'ती' माणसं मोजतात असंही नाही. त्या पॅकिंगवाल्या मुलाचं लग्न 'झालं की येईल ताळ्यावर' म्हणून लावून दिलं, तर कुणाची तरी मुलगी त्या घरात जाणार. नवरा आपल्याकडे पाहत का नाही, हे तिला कळणार नाही. माझ्यातच काही खोट असेल, असं म्हणत ती वर्षं काढेल. वर मूल होत नाही म्हणून सासू बोलणार ती तिलाच. तो बाहेर लपूनछपून वागला आणि भीतीपोटी तपासणी टाळत राहिला, तर तिच्या आरोग्यालाही धोका. बचत गटाच्या बैठकीत मी हे मांडलं, तेव्हा आधी शांतता पसरली. मग एक वयस्क बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या बहिणीचं असंच झालं. आम्ही तिलाच नावं ठेवली."

म्हणून काही साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलाने किंवा मुलीने मनातलं सांगितलं, तर मारझोड, अंगारा-धुपारा नको. लग्नाची घाई तर नकोच. आधी ऐकून घ्या. आपलंच मन सैरभैर झालं, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं. एचआयव्हीविषयी शंका असेल तर १०९७. ज्या मैत्रिणी आशा, परिचारिका आहेत किंवा दवाखान्याच्या खिडकीमागे काम करतात, त्यांनी एवढंच विचारावं, "तुम्हाला काय नावाने हाक मारू?" त्याला ना जीआर लागतो, ना निधी.

त्या खोकणाऱ्या मुलीला घेऊन आम्ही दोघी पुन्हा दवाखान्यात गेलो. मी आधी खिडकीशी जाऊन हळू आवाजात सांगितलं, "नाव पुकारू नका, नंबर पुकारा." खिडकीतल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." नंबर पुकारला गेला. ती उठली, आत गेली, थुंकीचा नमुना देऊन आली. कुणी हसलं नाही.

भाची आता पुण्याला परत गेलीये. दर गुरुवारी चिंचोळीला जायचं मात्र मी चालू ठेवलंय. तुमच्याही गावाजवळ एखादी एमआयडीसी असेल, एखादा दवाखाना तर असेलच. पुढच्या वेळी तिथल्या बाकावर बसाल आणि कुणाचं नाव ऐकून हॉलमध्ये हशा पिकेल, तेव्हा त्या हसण्यात आपला आवाज नसू द्या. जमलं तर शेजारी थोडं सरकून त्या व्यक्तीला बसायला जागा द्या.