शिकवून सोडून देऊ नका

१९८९ साली भोपाळच्या सुमारे शंभर बायका मुलांना सोबत घेऊन पायी दिल्लीला निघाल्या. अंतर साडेसातशे किलोमीटर. वायुदुर्घटनेनंतर सरकारी योजनेतून त्या स्टेशनरी बनवायला शिकल्या होत्या, पण कायमच्या कामाची हमी मिळाली नव्हती. तीच मागणी पंतप्रधानांपुढे मांडायची होती. त्यांचं नेतृत्व रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी केलं. कौशल्यविकासात केंद्राने किती उतरावं, हा वाद निघाला की मला ही पदयात्रा आठवते.

केंद्राशिवाय भागणार नाही, हे आधी मान्य करू. वस्तीतल्या संस्थेकडे प्रशिक्षणाला पुरेल एवढा पैसा नसतो. भोपाळचं प्रमाणपत्र पुण्यात चालायचं तर मानकही देशभर एकच हवं. पण कोणता धंदा शिकवायचा, हे दिल्लीत बसून कळत नाही. भोपाळमधले कार्यकर्ते अब्दुल जब्बार यांच्या स्वाभिमान केंद्रात गॅसपीडित बायका शिवणकाम, जरदोजी शिकल्या. चार पावलांत दम लागणाऱ्या, गाव सोडू न शकणाऱ्या बाईला झेपेल असं ते काम. अर्थात अशी संस्था बहुधा एका माणसाच्या धडपडीवर चालते, आणि जब्बारभाई २०१९ मध्ये गेले.

मधली वाट जुनीच आहे. १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. त्यातूनच आजच्या जनशिक्षण संस्था आल्या. अनुदान केंद्राचं, कारभार स्वयंसेवी संस्थांचा. मला ही विभागणी योग्य वाटते, पण अपुरी.

कारण खरा प्रश्न प्रशिक्षणानंतरचा आहे. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांनंतर नोकरी लागली का, याचा मागोवा घेतला जाई. चौथ्या टप्प्यात ते बंधन सुटलं. त्यामागे तर्क आहे. नोकरीचा आकडा गाठायच्या घाईत माणसाला परगावच्या नको त्या कामावर धाडलं जातं, आणि घरी मशीन चालवणारी बाई हिशेबात येतच नाही. तरीही मोजणंच सोडणं मला पटत नाही. घरबसल्या कमाईही धरून वर्षभराने नोंद घ्यावी, ती वस्तीतल्या संस्थेने ठेवावी आणि केंद्राने अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या नोंदीवरूनच द्यावा. शिवाय भोपाळमध्ये एम्स आहे, भेल आहे, रेल्वे आहे. त्यांना चादरी आणि गणवेश लागतातच. त्यातला ठरावीक वाटा शिवणकाम शिकलेल्या बायकांच्या गटांकडून घ्यावा, भाव थोडा चढा पडला तरी.