नवगावचे कबरस्तान

अलिबागच्या उत्तरेस, समुद्राच्या काठी, नवगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे बेने इस्रायल या ज्यू समाजाचे जुने कबरस्तान आहे. या समाजात पिढ्यानुपिढ्या अशी कथा सांगतात की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथील किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांबरोबर वाहत आलेली प्रेते याच भूमीत पुरण्यात आली. या कथेस लेखी पुरावा नाही. परंतु त्या समाजाने ती प्राणाप्रमाणे जपली आहे.

कोकणात स्थायिक झालेल्या या लोकांनी तेलाचे घाणे चालविले व मराठी भाषा आपलीशी केली. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्यांचे घाणे बंद असत; म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, अशी आडनावेही त्यांनी गावांवरून घेतली. याच समाजातील समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. डॉ. एलिजा मोझेस हे १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. डॉ. जेरुशा झिराड यांना वैद्यकीय सेवेबद्दल १९६६ साली पद्मश्री मिळाली.

१९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली आणि पुढील काळात या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. माणसे गेली, तरी कबरी येथेच राहिल्या. पुरलेला देह शक्य तो हलवू नये, असाच त्यांच्या धर्माचा दंडक आहे. मग या कबरींची राखण कोणी करावी?

कोणी म्हणेल, ‘ज्यांचे पूर्वज, त्यांनीच पाहावे.’ हे म्हणणे वरवर रास्त वाटते. परंतु ते अपुरे आहे. वेगळ्या धर्माच्या माणसांना कोकणाने आपल्यात सामावून घेतले आणि त्यांचा धर्मही त्यांच्यापाशी राहू दिला. नवगावचे कबरस्तान ही त्या शेजारधर्माची खूण आहे. ती पुसली गेली, तर ज्यू समाजाइतकीच महाराष्ट्राचीही हानी होईल.

आज तेथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. स्तंभ एकदाच उभारावा लागतो. राखण मात्र रोजची असते. कबरीचा दगड हलवू नये, तेथे केरकचरा टाकू नये, गुरे सोडू नयेत, एवढे तरी प्रत्येकास करता येईल. ज्यांचे आप्त दूर गेले, त्यांच्या कबरींना शेजाऱ्यांचाच आधार असतो. जिवंतपणी निभावलेला शेजार मरणानंतरही निभावणे, हाच खरा शेजारधर्म होय.