इंग्रजी लेखनांतील चुका

इंग्रजी स्पेलिंग चुकलें कीं वर्गांत हंशा पिकतो, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दांतील 'बी' कोणीच उच्चारीत नाहीं. लॅटिन मूळ दिसावें म्हणून पंडितांनीं तें मागाहून घुसडलें. 'आयलंड'मधील 'एस्' तर १६ व्या शतकांत निव्वळ गैरसमजुतीनें आलें. त्या शब्दाचा लॅटिन 'इन्सुला'शीं कांहीं संबंधच नव्हता! विद्वानांची चूक कोशांत मानानें बसते, आणि ती न आठवल्याबद्दल पोरानें मात्र खालीं मान घालावी, हा कोठला न्याय?

व्याकरणाची गोष्ट निराळी. 'वुई डिस्कस्ड अबाउट इट' असें सुशिक्षितही सर्रास लिहितात, कारण मराठींत आपण एखाद्या गोष्टीविषयीं चर्चा करतों. इंग्रजींत त्या क्रियापदास 'अबाउट' लागत नाहीं. 'कझिन ब्रदर' हाही आपला चुलतभाऊच, इंग्रजी पोशाखांतला. ही चूक आळसाची नव्हे, मातृभाषेच्या संवयीची आहे. पालकांनीं वही पाहतांना मराठी व इंग्रजी वाक्यें शेजारीं मांडून मुलास फरक दाखवावा. नुसती तांबडी रेघ पाहून तो वाक्य खोडतो आणि पुढच्या पानावर तेंच पुन्हा लिहितो.